कोणता माउथवॉश प्लाकला खरंच आवरतो?

प्रश्न असा आहे: दिवसातून दोनदा ब्रश करूनही दातांच्या मुळाशी पांढुरका थर दिसतो, ब्रशला अधूनमधून रक्त लागतं. माउथवॉश पाच-सहा तऱ्हेचे मिळतात आणि प्रत्येकावर प्लाक, म्हणजे दातांवरचा हा चिकट थर, कमी करण्याचा दावा छापलेला असतो. त्यांतला खरंच काम करणारा कोणता? आणि मागे दाढ काढली तेव्हा डॉक्टरांनी दिलेला क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश बरा वाटला म्हणून कायमचा चालू ठेवला, तर चालेल का?

क्रम हवा असेल तर तो आधीच सांगून टाकतो, त्यात फारसा वाद नाही. पहिला क्लोरहेक्सिडिन. त्याच्या मागे थायमॉल, निलगिरी वगैरे तेलांचे अर्क असलेला. त्याच्या मागे सीपीसी, म्हणजे सेटिलपिरिडिनियम क्लोराइड. बाकीचे बरेच मागे, आणि काही तर या कामासाठी बनलेलेच नाहीत. पण हिरड्यांचे आजार बघण्यात माझी बावीस वर्षं गेली, आणि नुसता हा क्रम कळल्यामुळे कुणाच्या हिरड्या सुधारल्याचं मला आठवत नाही. ही सगळी औषधं स्वच्छ दातावर नवा थर बसायला अडथळा आणतात. आधीच बसलेला थर ती काढत नाहीत. बाटलीवर ‘प्लाक कमी करतो’ असं लिहिलेलं असतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की चूळ भरली की थर धुऊन निघणार. तसं होत नाही.

हे तोंडी सांगून पटत नाही, म्हणून मी दाखवतो. प्लाक रंगवणारी एक गोळी असते. ती चघळली की थर असेल तिथे दात गुलाबी-लाल होतात, स्वच्छ भाग तसाच राहतो. पेशंटच्या हातात आरसा देतो. बहुतेकांचे समोरचे वरचे दात बऱ्यापैकी साफ असतात. लाल रेघ दिसते ती हिरडीच्या कडेला, दोन दातांच्या फटीत आणि खालच्या दातांच्या आतल्या, जिभेकडच्या बाजूला. मग मी त्यांनाच हवा तो माउथवॉश देतो आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट खळखळून चूळ भरायला सांगतो. पुन्हा आरसा. रेघ जागच्या जागी. लाळेतला रंग तेवढा निघून जातो. त्यानंतर मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून एकाच दातावर हलके दहा-बारा हात फिरवायचे. तेवढा दात पांढरा होतो, शेजारचा लालच राहतो. एवढं झाल्यावर पुढचं बोलणं सोपं जातं.

असं का होतं? पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर शेवाळ धरतं, ते आठवा. टाकीत पाणी कितीही घुसळलं तरी ते सुटत नाही, पण बोट फिरवलं की बुळबुळीत थर लगेच हातात येतो. प्लाक त्याच जातीचा. दात घासल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा एक पातळ पापुद्रा दातावर चढतो. त्याला पहिले जिवाणू चिकटतात, बहुतेक स्ट्रेप्टोकॉकस कुळातले. ते वाढतात, स्वतःभोवती चिकट गर तयार करतात, आणि त्या गराच्या आसऱ्याने नंतरचे, जास्त त्रासदायक जिवाणू येऊन वस्ती करतात. एक मिलिग्रॅम प्लाकमध्ये दहा कोटींच्या घरात जिवाणू असतात. मोकळ्या लाळेत तरंगणारा जिवाणू औषधाने पटकन मरतो, पण गराच्या आत बसलेल्याला तेच औषध कित्येक पटींनी जास्त लागतं, कारण ते आतपर्यंत पोचतच नाही. अर्ध्या मिनिटाच्या चुळीत वरचे मरतात आणि खालचे तसेच राहतात. हा थर तिथेच राहिला तर लाळेतलं कॅल्शियम त्यात बसून खडा तयार होतो. लोक त्याला किटण किंवा टार्टर म्हणतात. ते तर ब्रशनेही निघत नाही.

या क्षेत्रातला बराचसा विचार दोन प्रयोगांवर उभा आहे. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. दात घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्यात हिरड्या पूर्ववत झाल्या. प्लाक आणि हिरड्यांची सूज यांचं नातं इतक्या स्वच्छपणे आधी कुणी दाखवलं नव्हतं. १९७० साली लो आणि शिऑट यांनी पुढचं पाऊल टाकलं. ब्रश बंदच, पण ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनच्या १० मिलिलिटरने दिवसातून दोनदा एक मिनिट चूळ. प्लाक जवळपास बसलाच नाही, हिरड्याही सुजल्या नाहीत.

हा निकाल थक्क करणारा होता आणि आजही आहे. पण त्यातली मेख लक्षात घ्या. त्या लोकांचे दात आधी चकाचक साफ केलेले होते. क्लोरहेक्सिडिनला कोरी भिंत मिळाली होती. शेवाळ धरलेल्या भिंतीवर रंग मारला तर तो टिकत नाही, तसंच इथेही आहे.

क्लोरहेक्सिडिन इतकं वरचढ का, तर मारण्याच्या ताकदीमुळे कमी आणि चिकटून राहण्याच्या गुणामुळे जास्त. त्याच्या रेणूवर धन विद्युतभार असतो. दातावरचा पापुद्रा, तोंडाची अंतस्त्वचा, जिवाणूंच्या भिंती यांच्यावर ऋण भार असतो, म्हणून तो त्यांना धरून बसतो. चूळ थुंकल्यावरही औषधाचा सुमारे ३० टक्के भाग तोंडात मागे राहतो आणि पुढचे ८ ते १२ तास हळूहळू सुटत राहतो. म्हणूनच दिवसातून दोन चुळा पुरतात. इतर अनेक जंतुनाशकं प्रयोगशाळेतल्या बशीत तितकेच जंतू मारतात, पण तोंडात तासा-दोन तासांत लाळेबरोबर वाहून जातात. बाटलीवरचा ‘९९.९ टक्के जंतू मारतो’ हा दावा मी म्हणूनच मनावर घेत नाही. किती मारले यापेक्षा औषध किती वेळ टिकलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

०.२ टक्के चांगलं की ०.१२ टक्के, हा नेहमीचा प्रश्न. पहिल्याचा डोस १० मिलिलिटर, म्हणजे औषध २० मिलिग्रॅम. दुसऱ्याचा डोस १५ मिलिलिटर, म्हणजे १८ मिलिग्रॅम. हिशेब जवळजवळ सारखाच, आणि परिणामही. गडबड होते ती ०.१२ वाला १० मिलिलिटरच घेतला जातो किंवा चव कडवट लागते म्हणून अंदाजे पाणी घातलं जातं तेव्हा. झाकणावरची खूण बघून मापाने घ्या.

दुसरी चूक याहून जास्त घरांत होते. ब्रश केला, तोंड धुतलं, लगेच क्लोरहेक्सिडिन. बहुतेक टूथपेस्टमध्ये फेस आणणारा सोडियम लॉरिल सल्फेट असतो आणि त्याचा भार ऋण असतो. धन आणि ऋण एकमेकांना धरतात आणि औषध दाताला चिकटण्याआधीच निकामी होतं. दोन्हींमध्ये निदान अर्धा तास जाऊ द्या, दोन तास गेले तर आणखी चांगलं. आणि क्लोरहेक्सिडिननंतर लगेच पाण्याने तोंड धुऊ नका.

आता ‘कायमचा चालू ठेवला तर’ याबद्दल. एक बाई आल्या, घाबरलेल्या. खालच्या समोरच्या दातांमध्ये काळपट तपकिरी रेघा, दात आतून किडत चालले आहेत अशी त्यांची खात्रीच झालेली. विचारत गेलो तर कळलं की दाढ काढल्यावर दोन आठवड्यांसाठी दिलेला ०.२ टक्के माउथवॉश त्यांनी सात महिने चालू ठेवला होता. शिवाय दिवसाला चार-पाच कप चहा. क्लोरहेक्सिडिन आणि चहा-कॉफीतली टॅनिन्स यांची अशी गट्टी जमली की डाग ठरलेलाच. बोलता बोलता त्या म्हणाल्या की हल्ली घरचे म्हणतात, तुझा हात मिठाला सढळ झालाय. तेही याच औषधाचं काम, ते खारट चव मंद करतं. डाग मी पॉलिश करून अर्ध्या तासात काढले. पण डागाखाली, खालच्या दातांच्या आतल्या बाजूला, खड्याची सलग भिंत होती आणि तपासणीची सळी लावताच रक्त आलं. सात महिने जगातला सर्वांत प्रभावी माउथवॉश वापरून ही अवस्था. वर आणखी एक गोष्ट: क्लोरहेक्सिडिनच्या दीर्घ वापराने हिरडीच्या वरचा खडा उलट जास्त साचतो. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या जरा रागावल्याच, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. औषधाच्या चिठ्ठीवर ‘१४ दिवस’ हे शब्द ठळक लिहायला हवे होते.

याशिवाय काहींची अंतस्त्वचा सोलवटते, क्वचित गालाजवळची लाळग्रंथी सुजते, आणि अगदी विरळा पण खरीखुरी तीव्र ॲलर्जी होऊ शकते. जिभेवरचे काही जिवाणू अन्नातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, त्यातून शरीराला नायट्रिक ऑक्साइड मिळतं आणि रक्तवाहिन्या सैल राहायला मदत होते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या १९ निरोगी व्यक्तींवरच्या एका छोट्या अभ्यासात आठवडाभर क्लोरहेक्सिडिन वापरल्यावर वरचं रक्तदाबमान २ ते ३.५ अंकांनी वाढलं होतं. यावरून घाबरून जायचं कारण नाही, पण तोंडातले सगळेच जंतू शत्रू नव्हेत, एवढं तरी यातून कळतं.

आणि ज्यासाठी हे सगळं, त्या हिरड्यांना किती फायदा? कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था. तिच्या २०१७ च्या आढाव्यात ५१ अभ्यास एकत्र तपासले गेले. ब्रशच्या जोडीला चार आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत क्लोरहेक्सिडिन वापरलं तर प्लाक मोठ्या प्रमाणात कमी होतो, याला भक्कम पुरावा मिळाला. पण ज्यांच्या हिरड्यांची सूज मुळात सौम्य होती, त्यांच्यात ती ० ते ३ च्या मोजपट्टीवर सरासरी ०.२१ नेच उतरली. एवढा फरक तुम्हाला जाणवणार नाही, मला आरशात दिसणार नाही, असं आढावा करणाऱ्यांनीच जवळपास म्हटलं आहे. प्लाक कमी होणं आणि हिरडी बरी होणं ही एकच गोष्ट नाही, हे जाहिरातीत कधीच येत नाही.

इथेच तेलांच्या अर्कांचा माउथवॉश बाजी मारतो. थायमॉल, युकॅलिप्टॉल, मेंथॉल आणि मिथिल सॅलिसिलेट हे चार घटक ठरलेल्या प्रमाणात. लिस्टरीनची ही जुनी कृती. १८७९ साली तयार झालेलं हे द्रव्य मुळात शस्त्रक्रियेतलं जंतुनाशक होतं, आणि त्याचं नाव जोसेफ लिस्टर या शल्यविशारदावरून पडलं. हे अर्क जिवाणूंच्या भिंती फोडतात आणि थराच्या आत थोडेबहुत शिरतातही. २०११ च्या एका पद्धतशीर आढाव्याचा निष्कर्ष मला फार उपयोगी वाटतो: दीर्घ वापरात प्लाकच्या बाबतीत क्लोरहेक्सिडिन सरस, पण हिरड्यांच्या सुजेच्या बाबतीत दोघांत म्हणावा असा फरक नाही. आणि डाग मात्र जवळजवळ नाहीत. सहा-सहा महिने रोज वापरायचं असेल तर माझी पसंती याला. डोस मोठा, २० मिलिलिटर, अर्धा मिनिट, दिवसातून दोनदा. मूळ कृतीत अल्कोहोल २१ ते २७ टक्के असतं, त्यामुळे तोंड चुरचुरतं. ज्यांचं तोंड कोरडं पडतं, ज्यांच्या तोंडात फोड आहेत, किंवा जे दारू सोडण्याच्या वाटेवर आहेत त्यांनी बिनअल्कोहोलचा प्रकारच घ्यावा.

याच माउथवॉशबाबत एक खटला झाला होता, तो सांगण्यासारखा आहे. फ्लॉसइतकाच, म्हणजे दातांच्या फटीत फिरवायच्या दोऱ्याइतकाच, प्रभावी अशी जाहिरात कंपनीने केली. आधाराला सहा महिन्यांचे दोन अभ्यास होते. जानेवारी २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने ती जाहिरात खोटी आणि दिशाभूल करणारी ठरवली. कारण त्या अभ्यासांत ज्यांना फ्लॉस दिला होता त्यांनी तो नीट वापरलाच नव्हता. म्हणजे तुलना झाली माउथवॉश आणि अर्धवट फ्लॉस यांची. खरं तर माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा फ्लॉसही असाच अर्धवट असतो. त्यामुळे दोन दातांमध्ये फट असेल तर मी फ्लॉसऐवजी फटीत बसेल एवढा छोटा इंटरडेंटल ब्रश देतो. तो चुकीचा वापरणं अवघड आहे.

सीपीसी हा मधला पर्याय. चव सौम्य, अल्कोहोल बहुधा नसतं, म्हणून लोकांना तो आवडतो. हाही धन भाराचा, पण क्लोरहेक्सिडिनइतकी पकड नाही, काही तासांत ओसरतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या तज्ज्ञ समितीने २००३ साली ०.०४५ ते ०.१ टक्के या प्रमाणात तो सुरक्षित आणि प्रभावी मानला होता. तेव्हा बाटलीमागे टक्केवारी वाचा, आणि ती छापलेलीच नसेल तर दुसरी उचला. थोडे डाग यानेही पडतात.

बाकीचे भराभर. फ्लोराइडचा माउथवॉश कीड रोखण्यासाठी उत्तम, रोजचा ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडचा. प्लाकशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. फक्त तो ब्रशनंतर लगेच वापरू नका, टूथपेस्टमधलं जास्त ताकदीचं फ्लोराइड धुऊन कमी ताकदीचं लावल्यासारखं होतं. पोव्हिडोन आयोडिन घशासाठी आणि शस्त्रक्रियेआधी ठीक, रोजच्या प्लाकसाठी नाही, ते टिकतच नाही. पोटॅशियम नायट्रेटवाले थंड-गरम लागून दातांत येणाऱ्या कळेसाठी, बेंझिडामाइनवाले दुखण्यासाठी. मिठाच्या कोमट पाण्याने जखमेला आराम पडतो, थर निघत नाही. नुसता ‘ताजा श्वास’ लिहिलेला माउथवॉश म्हणजे तोंडाचं अत्तर, अर्ध्या तासाचा सोबती. आणि सहा वर्षांखालच्या मुलांना कोणताच देऊ नका, ती गिळतात.

जाता जाता शब्दाबद्दल. लोक ‘गुळण्या केल्या’ म्हणतात आणि खरोखरच मान मागे टाकून घशात गुळण्या करतात. दातांसाठी चूळ हवी. ओठ मिटून, गाल फुगवून, द्रव दातांच्या फटींतून जोराने आत-बाहेर ढकलायचा. घशात गुळगुळ आवाज काढत तीस सेकंद घालवली तर दातांना त्यातली पाचही मिळत नाहीत.

बाटलीवरचे आकडे वाचतानाही जरा जपून. ‘प्लाक इतके टक्के कमी’ हे कशाच्या तुलनेत? बऱ्याच चाचण्या चार दिवसांच्या असतात: दात पॉलिश करायचे, ब्रश बंद करायचा, फक्त चूळ, आणि चौथ्या दिवशी थर मोजायचा. औषधं एकमेकांशी ताडून बघायला ही पद्धत छान. पण तुम्ही ब्रश करता, तुमचे दात पॉलिश केलेले नाहीत आणि तुम्हाला चार दिवसांचं नव्हे तर पुढची चाळीस वर्षं सांभाळायचं आहे. तिथे तोच आकडा तुम्हाला मिळेल असं धरून चालू नका.

आता तुमच्यापुरतं. आधी एकदा दात साफ करून घ्या, म्हणजे खडा निघेल. ते केल्याशिवाय कोणतीही बाटली उघडण्यात अर्थ नाही. त्यानंतर हिरड्या दुखऱ्या असतील तर क्लोरहेक्सिडिन दोन आठवडे, चहा-कॉफीपासून लांबच्या वेळेला, आणि मग थांबा. पुन्हा सुरू करायचं झाल्यास कारण घेऊन या: शस्त्रक्रिया, मोडलेला आणि तारांनी बांधलेला जबडा, हात चालत नाही म्हणून घासता न येणं. अशा माणसांसाठी हे औषध अक्षरशः वरदान आहे, आणि त्यांना मी स्वतः ते जास्त दिवस देतो. तुमचा हात चालतो. रंगाची गोळी आठवड्यातून एकदा चघळा आणि लाल कुठे राहतं ते बघा. माझा अंदाज, खालच्या समोरच्या दातांची आतली बाजू आणि शेवटच्या दाढांची मागची भिंत. ब्रश तिथून सुरू करा, कारण शेवटाकडे पोचेपर्यंत हात दमतो. रोज काहीतरी हवंच असेल तर तेलांच्या अर्कांचा किंवा सीपीसीचा, ब्रशच्या वेळा सोडून दुपारच्या जेवणानंतर.

एवढं करून तीन आठवड्यांनीही त्याच जागी रक्त येत असेल तर माउथवॉश बदलू नका, हिरडी मोजून घ्या. आमच्याकडे मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळी असते. ती दात आणि हिरडीच्या मधल्या खोबणीत हलकेच उतरवतात. ३ मिलिमीटरपर्यंत चिंता नसते. ५ किंवा ६ भरले तर तिथे खिसा तयार झालेला आहे. चुळीचा द्रव हिरडीच्या कडेखाली जेमतेम शिरतो, खिशाच्या तळापर्यंत पोचत नाही. तिथला खडा मुळावरून खरवडूनच काढावा लागतो. बहुधा भूल देऊन, दोन-तीन बैठकांत.